अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) पाहून घरीच मातीची ओल मोजायचं यंत्र करायचंय, काळ्या जमिनीत चालेल का?

चालते, पण नुसते दोन खिळे ठोकून नाही. अ‍ॅनिमेतलं पोरगं भंगारातून विज्ञान उभं करताना पाहून मलाही हाच नाद लागला होता. यवतमाळकडच्या आमच्या वावरात पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) तासात दोन जस्ती खिळे रोवले, आर्डुइनोला (प्रोग्राम करता येणारा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) जोडले. आठ दिवस आकडे झकास. मग उघाड पडली, माती भेगाळली, एक खिळा भेगेत लोंबत होता अन् आकडा शून्य!

त्यावर इलाज प्लास्टर ऑफ पॅरिसचा. चहाच्या कागदी कपात ते ओता, त्यात स्टीलचे दोन स्क्रू सेंटीमीटरभर अंतरावर उभे धरा. वाळल्यावर कप सोला, ठोकळा रात्रभर भिजवा आणि वीतभर खोल, चिखलात घट्ट बसवून पुरा. खतातल्या क्षारांनी आकडा उगाच फुगतो, तो घोळही याने थोडा आवरतो.

एक स्क्रू आर्डुइनोच्या डिजिटल पिनला (इथून वीज मिळते), दुसरा ए-झिरोला (A0, इथे आकडा मोजला जातो). ए-झिरो ते ग्राउंड १० किलोओहमचा रेझिस्टर (विजेला अडवणारा छोटा भाग) जोडा. ओल वाढली की ० ते १०२३ मधला आकडा चढतो. वीज फक्त मोजताना क्षणभर द्या, सतत दिली तर स्क्रू झिजतात. ओलिताच्या दुसऱ्या दिवशीचा आकडा आणि पानं माना टाकतात तेव्हाचा, हे दोन तेवढे वहीत टिपा; पाणी कधी द्यायचं ते त्यांवरून ठरवता येतं.