एस्टीचा टप्पा, अर्धं तिकीट आणि सुट्टे पैसे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात सहज लिहून टाकलं की एस्टीच्या भाड्याबद्दल काय विचारायचं ते विचारा, तर पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅप आले आणि आठवडे बाजारात पिशवी धरून थेट तोंडी विचारणारे पण भेटले. फिरून फिरून प्रश्न एकच, की कंडक्टरने माझ्याकडून जास्त तर घेतले नाहीत ना. बहुतेक वेळा नाही घेतलेले, पण हिशोब कुणी उलगडून सांगत नाही हे मात्र खरं. नावं छापत नाही, गाव तेवढं ठेवलंय.

प्रश्न (अमळनेर तालुका) : भाऊ, मी आमच्या फाट्यावरून धुळ्याची गाडी धरतो. माझा चुलतभाऊ दोन किलोमीटर पुढच्या गावात चढतो. गाडी तीच, कंडक्टर तोच, आणि त्याला माझ्यापेक्षा दहा रुपये कमी. दोन किलोमीटरला दहा रुपये? रिक्षावाला पण एवढे घेत नाही.

उत्तर : तुमचा राग बरोबर आहे पण दहा रुपये त्या दोन किलोमीटरचे नाहीत, ते टप्प्याचे आहेत. एस्टीचं भाडं किलोमीटरवर चालतच नाही, टप्प्यावर चालतं, आणि एक टप्पा म्हणजे ६ किलोमीटर. पुढचा टप्पा सुरू झाला की तो पूर्ण धरला जातो, मग तुम्ही त्यातलं एक किलोमीटर जा नाहीतर सहा. समजा चुलतभावाच्या गावापासून धुळे १७ किलोमीटर, म्हणजे तीन टप्पे. तुमचा फाटा १९ वर, म्हणजे तीन टप्पे होऊन वर एकच किलोमीटर उरलं, पण त्याने चौथा टप्पा लागला. जानेवारी २०२५ च्या भाडेवाढीनंतर साध्या लाल गाडीचा एका टप्प्याचा दर १० रुपये ५ पैसे आहे, त्याच्या आधी ८ रुपये ७० पैसे होता. आले ना बरोबर दहा रुपये?

अजून एक गोष्ट. फाटा लहान असेल आणि मशीनच्या यादीत त्याचं नावच नसेल तर कंडक्टर मागच्या थांब्यापासून तिकीट फाडतो. त्याला दुसरा इलाजच नसतो, मशीनमध्ये जे नाव आहे तेच दाबता येतं. म्हणून तिकीट हातात आलं की आधी पैशाचा आकडा बघू नका, 'पासून' आणि 'पर्यंत' काय छापलंय ते बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात. आणि मागचा थांबा छापलेला असेल आणि तुमच्या फाट्यावर रोज दहा-पंधरा माणसं चढत असतील तर ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर आगार व्यवस्थापकाला अर्ज द्या की आमचा थांबा यादीत घ्या. गाडीत कंडक्टरशी हुज्जत घालून तो थांबा येणार नाही, त्याच्या हातात काहीच नाही.

ह्याच्याच जोडीला एरंडोलच्या एका वाचकाने विचारलंय की जळगाव ते धुळे कधी एक भाडं लागतं कधी दुसरं, असं कसं. कारण गाडी पारोळ्यावरून गेली की टप्पे वेगळे आणि धरणगाव-अमळनेरवरून फिरून गेली की वेगळे. तुम्ही कुठून कुठे गेला ह्याच्यापेक्षा गाडी कशी गेली त्याचे पैसे असतात. आणि गाडीचा प्रकार पण बघा ना, साधी आणि जलद ह्यांचा दर सारखाच आहे (बऱ्याच जणांना वाटतं जलद महाग, तसं नाहीये, ती फक्त मधले थांबे सोडते) पण हिरकणीला टप्प्याला १३ रुपये ६५ पैसे आणि शिवशाहीला १४ रुपये २० पैसे. ९० किलोमीटर धरले तर १५ टप्पे होतात, लाल गाडीत दीडशेच्या आसपास आणि शिवशाहीत दोनशे तेराच्या. एसी चालू असला तर ठीक, नाहीतर मे महिन्यात आपल्याकडे खिडकी उघडणारी लाल गाडीच बरी असं माझं प्रामाणिक मत आहे.

प्रश्न (चाळीसगाव) : अकरा, एकवीस, एकतीस असली तिकिटं कुणी काढली हो? रोज एक रुपयावरून कटकट.

उत्तर : आधी बरं होतं, २०१८ मध्ये सुट्ट्यांची भानगड मिटावी म्हणून भाडं पाचच्या पटीत केलं होतं. २०२५ च्या वाढीत ते परत रुपयाच्या पटीत आलं आणि कटकट परत आली. तिकिटात एक रुपया अपघात सहायता निधीचा पण असतो, तो २०१६ पासून आहे. आता मशीनवरच क्यूआर येतो, फोन-पे करा आणि मोकळे व्हा. फक्त घाटात किंवा सातपुड्याकडच्या गाडीत रेंज गेली की कंडक्टर, तुम्ही आणि मागची सगळी लाईन त्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसता, म्हणून खिशात पाच-सहा सुट्टी नाणी असू द्या. कंडक्टरने तिकिटाच्या मागे बाकी लिहून दिली असेल तर उतरायच्या आधी मागून घ्या, उतरल्यावर गाडी थांबत नाही.

प्रश्न (सुरतहून, माहेर नंदुरबार तालुका) : दादा, आम्ही दर वर्षी श्रावणात कानबाईच्या सणाला माहेरी येतो. आपल्याकडे बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणतात, मग सुरतला गाडीत बसल्यावर मला अर्धं का नाही दिलं? एकदा गुजरातच्या गाडीने आले तर त्याने तर हसूनच टाकलं. आणि सोबत माझी आई असते, ७८ वर्षांची, तिचं काय?

उत्तर : ताई, महिला सन्मान योजना १७ मार्च २०२३ पासून आहे, साध्या गाडीपासून सगळ्या प्रकारच्या एस्टीत अर्धं तिकीट, वयाची अट नाही. पण ती सवलत महाराष्ट्र सरकारची आहे, सरकार त्याचे पैसे महामंडळाला भरून देतं, म्हणून ती राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. म्हणजे तुम्ही आपल्या एस्टीने सुरतहून निघालात तर हद्दीपर्यंतचं भाडं पूर्ण, आणि नवापूरकडे महाराष्ट्र लागला की तिथून पुढचं अर्धं. सगळं मिळून अर्धं होणार नाही आणि सगळं पूर्ण पण व्हायला नको, पूर्ण घेतलं असेल तर तिथेच विचारा की हद्दीपासूनची सवलत धरली का. आईंचं पण तसंच, ७५ च्या पुढे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत प्रवास मोफत आहे पण तो आपल्या हद्दीत, गुजरातमधल्या तुकड्याचं तिकीट काढावंच लागेल. गुजरातची एस्टी ही त्यांच्या सरकारची गाडी, तिच्यात आपली कुठलीच सवलत चालत नाही, गाडी नंदुरबारच्या स्टँडवर उभी असली तरी नाही.

हाच नियम शिरपूरकडून पळासनेर ओलांडून सेंधव्याला जाणाऱ्यांना, रावेरहून बऱ्हाणपूरला आणि शहाद्याहून खेतियाला जाणाऱ्यांना पण लागू. बऱ्हाणपूरच्या बाजाराला जाणाऱ्या रावेरच्या बायकांना हे सगळं तोंडपाठ आहे, त्यांना मी काय सांगणार.

कानबाईच्या आदल्या दिवशी मात्र सवलतीपेक्षा जागा महत्त्वाची. रोटांच्या प्रसादासाठी सगळी भाऊबंदकी गावाकडे निघते आणि गाडीला पाय ठेवायला जागा नसते, जमलं तर आरक्षण करून घ्या.

प्रश्न (यावल) : जिभाऊ, माझं वय ७६. तिकीट फुकट आहे तर मग कंडक्टर तिकीट कशाला देतो? मी घेत नाही, कागद वाया. आणि आधारवर माझी तारीख १ जून आहे, खरी कोणती ते आईलाच माहीत होतं.

उत्तर : आबा, तिकीट घ्याच. ते शून्य रुपयाचं असतं पण तिकीट असतं. एक तर तपासणीवाले मध्येच चढले तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी पाहिजे. दुसरं, काही बरंवाईट झालं तर तुम्ही त्या गाडीत होता ह्याचा पुरावा तोच कागद. आणि तिसरं म्हणजे तुमच्या प्रवासाचे पैसे सरकार एस्टीला देतं ते त्या शून्याच्या तिकिटांची मोजदाद करूनच, तुम्ही तिकीट घेतलं नाही तर तुमच्या गावची गाडी रिकामी धावते असं कागदावर दिसतं, आणि रिकामी दिसणारी गाडी बंद करायला साहेब लोकांना फार वेळ लागत नाही.

१ जूनचं म्हणाल तर आपल्याकडे अर्धं गाव १ जूनलाच जन्मलंय, शाळेत नाव घालताना मास्तरांनी दिलेली तारीख! गंमत म्हणजे एस्टीची पहिली गाडी पण १ जूनलाच निघाली, १९४८ साली, पुण्याहून अहमदनगरला. आधारवर जी तारीख आहे तीच धरतात, कंडक्टर आईला विचारायला जात नाही. योजना २६ ऑगस्ट २०२२ पासून आहे. तुमच्या धाकट्या भावाचं वय ६५ ते ७५ मध्ये असेल तर त्यांना अर्धं तिकीट, फुकट नाही, दोघं भाऊ सोबत निघाले की हा गोंधळ होतो.

प्रश्न (शिंदखेडा) : मी धुळ्याला दुकानात कामाला जातो, महिन्यातले २५-२६ दिवस. मिसेस पण धुळ्यालाच एका शाळेत आहे. पोरगी आत्ता बारावी पास झाली, तिचा फुकट पास बंद झाला. तिघांचे पास काढावे का?

उत्तर : तिघांचं उत्तर वेगवेगळं आहे, म्हणून जरा बसून वाचा.

तुमचा पास नक्की काढा. मासिक पासात २० दिवसांचं भाडं भरून ३० दिवस फिरता येतं, तुम्ही २५ दिवस जाता म्हणजे पाच दिवसांचे सरळ वाचले. त्याच्याहून चांगला त्रैमासिक, ५० दिवसांचं भाडं आणि ९० दिवस प्रवास. तीन महिन्यांत तुमचे ७५ दिवस होतात, तिकिटाने ७५ दिवसांचे गेले असते, तीन मासिक पास काढले तर ६० दिवसांचे, आणि त्रैमासिकात ५०. एकदम रक्कम भरायला जड जाते हे मान्य आहे, पण जमवा.

वहिनींना हा पास काढू नका. त्या रोज अर्धं तिकीट काढतात, २५ दिवस गेल्या तरी साडेबारा दिवसांच्या पूर्ण भाड्याएवढेच पैसे होतात, आणि पासाला वीस दिवसांचे भरावे लागतील. सुट्टी पडली, शाळा लवकर सुटली, आजारी पडल्या तर तेवढं भाडं पण वाचलं. नवऱ्याचा पास आहे म्हणून बायकोचा पण काढणारी घरं मला माहीत आहेत, हिशोब न मांडता.

आता मुलगी. बारावीपर्यंत गावाकडच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास असतो, तो संपला. पण विद्यार्थी पास आहेच, त्यात ६६.६७ टक्के सवलत, म्हणजे भाड्याचा तिसरा हिस्साच भरायचा. अर्ध्या तिकिटापेक्षा तो स्वस्त, अट एवढीच की कॉलेज रोज असलं पाहिजे. आठवड्यातून तीनच दिवस लेक्चर आणि बाकी सगळं मोबाईलवर असं असेल तर अर्धं तिकीट काढून जाऊ द्या. बोनाफाईड जूनच्या पहिल्या आठवड्यातच घेऊन ठेवा, नंतर पासच्या खिडकीवर जी लाईन लागते ती बघून पोरं पहिला महिना तिकिटानेच काढतात.

पास घरी विसरला तर? कंडक्टर ओळखीचा असला तरी तिकीट काढावं. विनातिकीट सापडलं तर चुकवलेलं भाडं तर द्यावंच लागतं, वर त्याच्या दुप्पट किंवा १०० रुपये, जे जास्त असेल ते. ओळख तपासणीवाल्याच्या पुढे चालत नाही.

प्रश्न (पारोळा) : मना पोऱ्या पुणाले शिकस. तो म्हणतो तिकडे दिवसभराचा पास मिळतो, कितीबी गाड्या बदला. आपल्या एस्टीत असं का नाही? आणि त्याची आई त्याला भेटायला गेली तर सिटी बसमध्ये तिला अर्धं तिकीट मिळालंच नाही.

उत्तर : आधी वहिनींचं. पुण्यातली सिटी बस एस्टीची नाहीये, ती पीएमपीएमएल, वेगळी कंपनी. महिला सन्मानचं अर्धं तिकीट एस्टीपुरतं आहे. पारोळ्याहून पुण्यापर्यंत अर्धं आणि स्टँडवर उतरून सिटी बस धरली की पूर्ण. कंडक्टरशी वाद झाला असेल तर त्याची चूक नव्हती.

दिवसाच्या पासचं असं आहे की तिकडे हद्दी पाडलेल्या आहेत. १ जून २०२५ पासून पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत दिवसभर फिरायचा पास ७० रुपये, आणि बाहेरचा पीएमआरडीएचा (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, म्हणजे आजूबाजूची गावं) सगळा भाग धरून १५० रुपये. साधं तिकीट पहिल्या ५ किलोमीटरला १० रुपये. पोऱ्याला सांगा की दिवसात तीन-चार गाड्या बदलणार असशील तरच पास घे, कॉलेज आणि रूम एवढंच असेल तर तिकीट स्वस्त पडतं. आणि हद्दीच्या बाहेरचं गाव असेल तर ७० च्या पासवर पुढे जाऊ देत नाहीत, तिथे नवी पोरं हमखास अडकतात.

एस्टीत पण तसला पास आहे, 'आवडेल तेथे प्रवास', चार दिवसांचा आणि सात दिवसांचा, १९८८ पासून चालू आहे. फक्त तो लांब फिरणाऱ्यांसाठी आहे, देवदर्शनाला निघालेल्यांसाठी, पारोळा-धुळे ये-जा करायला घेतला तर अंगावर येईल. आणि पुण्याला जायचं तिकीट आगाऊ काढत असाल तर १५० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाला पूर्ण तिकिटावर १५ टक्के सूट आहे, जुलै २०२५ पासून, दिवाळी आणि उन्हाळ्याची गर्दी सोडून. ती तुम्हाला मिळेल. वहिनींचं आधीच अर्धं आहे, त्यांना अजून १५ टक्के मिळणार नाहीत, तेवढं काउंटरवर मागत बसू नका.