क्रेडिट 124, तरी पदवी 'अपूर्ण' का?

तुमच्या पत्राचा मुद्दा थोडक्यात असा: लेकीचं शेवटचं सत्र नुकतंच सुरू झालंय. चालू विषय धरून तिचे 124 क्रेडिट (प्रत्येक विषयाला ठरलेले श्रेयांक) होतात, पदवीला 120 लागतात. म्हणून 4 क्रेडिटचा एक विषय सोडून इंटर्नशिप करावी, असा तिचा बेत आहे. पोर्टलवर मात्र 'अपूर्ण' दिसतंय. सॉफ्टवेअरची चूक असेल का, असं तुम्ही विचारलंय.

ताई, चूक असण्याची शक्यता कमी आहे. तुम्ही सोबत जोडलेली गुणपत्रकं मी कागद-पेन घेऊन मांडून बघितली.

संख्याशास्त्र तिने दोनदा दिलंय. पहिल्यांदा ती पास होती, नंतर ग्रेड सुधारण्यासाठी पुन्हा बसली. दोन्ही सत्रांच्या पत्रकांवर 4-4 क्रेडिट छापलेत, पण असा विषय मोजताना सहसा एकदाच धरतात. म्हणजे 120 उरले. आता ऐच्छिक विषय बघा. त्या रकान्यात तिला 12 क्रेडिटचीच मुभा आहे आणि तिने घेतलेत 18. वरचे 6 गुणपत्रकावर राहतील, पदवीत मोजले जाणार नाहीत. हाती आले 114. आणि कोअरच्या, म्हणजे सक्तीच्या विषयांच्या, रकान्यात बरोब्बर 6 क्रेडिटची जागा रिकामी आहे: 4 क्रेडिटचा संशोधन पद्धती हा विषय आणि 2 क्रेडिटचं त्याच विषयाचं प्रात्यक्षिक.

बहुतेक मुलं इथेच फसतात. बेरीज करतात, रकाने बघत नाहीत. पदवी मिळते ती कोअर, ऐच्छिक, भाषा, प्रकल्प असा एकेक रकाना भरला की. एकाचं जास्तीचं दुसऱ्यात ओतता येत नाही. दुसऱ्या कॉलेजातून आलेल्या मुलांची तर आणखी पंचाईत. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीला साधारण 120 क्रेडिट लागतात, युरोपात तीन वर्षांच्या पदवीला 180. नाव एकच, माप वेगळं. आकडा जसाच्या तसा धरून चालत नाही.

आता काय करायचं? विषय सोडायचा विचार आधी थांबवा. तो कुठल्या रकान्यात बसतो हे कळल्याशिवाय तर नाहीच. संशोधन पद्धती या सत्रात शिकवतात का, हे आजच बघायला सांगा. असे विषय बऱ्याचदा वर्षातून एकदाच असतात. विषय बदलायची मुदत उलटली की विभागप्रमुखांच्याही हातात फारसं काही राहत नाही. विषय मिळाला, तर जास्तीचा ऐच्छिक विषय काढून तो प्रात्यक्षिकासह घ्यावा. मिळाला नाही, तर पर्यायी विषय चालेल का, असा लेखी अर्ज करावा.

लेखी म्हणतोय, कारण "हो हो, चालेल, बघू" हे वाक्य पडताळणीच्या वेळी कुणालाच आठवत नाही. सल्लागारांना भेटून आल्यावर तिने दोन ओळींचा मेल टाकावा: 'आज आपल्या बोलण्यात ठरल्याप्रमाणे हा विषय कोअरमध्ये धरला जाईल, असे मी समजते. तसे नसल्यास कृपया कळवावे.' उत्तर आलं की जपून ठेवावं.

नियमावलीही तिच्या प्रवेशाच्या वर्षाचीच बघावी. मी स्वतः एका सिनिअरच्या जुन्या यादीवर विसंबून विषय घेतले होते आणि एक सत्र जास्त काढलं होतं. सिनिअर चुकला नव्हता, त्याच्या वर्षाचे नियमच वेगळे होते.

बाकी किरकोळ, पण निकाल अडवणारं: पदवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो का आणि तो कधीपर्यंत, ग्रंथालयाची बाकी, एखाद्या विषयाची ग्रेड 'प्रलंबित' तर राहिली नाही ना.

एक विनंती. कार्यालयात तुम्ही जाऊ नका, तिला पाठवा. प्रत्येक विषयापुढे रकान्याचं नाव तिने स्वतःच्या हाताने लिहून न्यावं. इंटर्नशिपवाल्यांनाही तिनेच विचारावं, अर्धवेळ चालेल का, की परीक्षेनंतर रुजू होऊ. असं विचारलेलं सहसा कुणाला खटकत नाही.