‘स्टेपनी’चा पायरीशी काहीही संबंध नाही

प्रश्नकर्त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. ‘स्टेपनी’ हा शब्द ‘स्टेप’ म्हणजे पायरी यावरून आला का, हल्लीच्या गाड्यांत मिळणाऱ्या बारीक चाकाला स्टेपनी म्हणणे योग्य आहे का, आणि डिकी, बॉनेट, डॅशबोर्ड यांना मराठी प्रतिशब्द वापरावेत का. स्टेपनी म्हणजे पंक्चर झाल्यावर लावायचे जादा चाक, हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे अर्थ सांगण्यात वेळ घालवत नाही.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्यातला गैरसमज माझ्या कानांवर सतत आदळत असतो. नवी गाडी घेतलेला माणूस डिकीचा तळ उचलतो, खाली नेहमीच्या चाकापेक्षा अरुंद, भडक रंगाची पट्टी असलेले आणि ताशी 80 किलोमीटरची मर्यादा छापलेले चाक पाहतो आणि नाराजीने म्हणतो, “ही काही खरी स्टेपनी नव्हे.” व्यवहाराच्या दृष्टीने त्याची नाराजी मला समजते, परंतु भाषेच्या दृष्टीने त्याचे म्हणणे नेमके उलटे आहे. डिकीत असलेले पूर्ण मापाचे पाचवे चाक ही खरी स्टेपनी नव्हे. तात्पुरते लावायचे, हळू चालवायचे आणि गॅरेजपर्यंत पोचताच उतरवायचे ते किडमिडे चाकच मूळ स्टेपनीच्या सर्वांत जवळचे आहे. हे पटण्यासाठी शब्दाच्या जन्मस्थळी जावे लागते.

हवा भरलेले टायर मोटारीला लावण्याचा जाहीर प्रयोग मिशलँ बंधूंनी 1895 च्या पॅरिस–बोर्दो–पॅरिस शर्यतीत केला, आणि पुढील काही वर्षांत असे टायर रूढ झाले. रस्ते मात्र अजून घोड्यांचे होते आणि नालांचे गळलेले खिळे त्यांवर विखुरलेले असत. पंक्चर झाले, तर चाक काढून दुसरे लावण्याची सोय बहुतेक गाड्यांत नव्हती, कारण लाकडी आऱ्यांचे चाक आसावर पक्के बसवलेले असे. चालकाला रस्त्याच्या कडेला गाडी जॅकवर चढवून, पट्ट्यांनी टायरची कड उपसून, ट्यूब बाहेर ओढून, भोक शोधून, ठिगळ लावून आणि सगळे पुन्हा आत कोंबून हातपंपाने हवा भरावी लागे.

वेल्समधील लॅनेली या गावी (‘ल्ल’चा वेल्श उच्चार देवनागरीत नीट उतरत नाही, तेव्हा तो प्रयत्न सोडून देतो) टॉमस मॉरिस डेव्हिस यांनी 1904 मध्ये त्यावर तोडगा काढला, आणि त्यांचे बंधू वॉल्टर या उद्योगात त्यांच्यासोबत होते. त्यांनी तयार केलेली वस्तू पूर्ण चाक नव्हतीच. ती एक आऱ्यांविना रिम होती, तिच्यावर हवा भरलेला टायर आधीच चढवलेला असे, आणि पंक्चर झालेल्या चाकाच्या बाहेरच्या अंगाला ती आकड्यांनी व शिकंज्यांनी घट्ट आवळली जाई. मूळ चाक जागेवरच राही, मूळ टायर बसलेलाच राही, आणि गाडीचा भार शेजारच्या या नव्या टायरवर येई. म्हणजे मूळ स्टेपनी चाकाच्या जागी बसणारी नव्हती, चाकाला टेकू देणारी होती, आणि तिचा मुक्काम दुरुस्ती होईपर्यंतच असे. आजच्या बारीक चाकाचे काम याहून वेगळे काय आहे?

डेव्हिस बंधूंचा हा व्यवसाय ज्या रस्त्यावर होता, त्याचे नाव स्टेपनी स्ट्रीट. म्हणून कंपनीच्या नावात स्टेपनी आले, कंपनीवरून वस्तूला ते नाव मिळाले, आणि कंपनी विस्मरणात गेली तरी नाव वस्तूला चिकटून राहिले. ‘स्टेप’वाल्यांचा युक्तिवाद असा की जुन्या मोटारींत जादा चाक दाराखालच्या पायरीवर बांधलेले असे, म्हणून ते स्टेपनी. चाक तेथे बांधत असत, हे खरे आहे. पण मग त्या ‘नी’चे काय करायचे, हे या मंडळींपैकी कोणी सांगत नाही. शब्दाचा अर्धा भाग जुळला की उरलेला अर्धा हवेत सोडून द्यायचा, ही व्युत्पत्ती नव्हे, पोटापुरती सोय आहे.

दुसरा पक्ष अधिक विद्वान आणि म्हणून अधिक त्रासदायक आहे. लंडनच्या पूर्व भागात स्टेपनी नावाची वस्ती आहे, ती नकाशावर सापडते आणि शोध तेथेच थांबतो. लॅनेलीतील रस्त्याला नाव मिळाले ते तेथील स्टेपनी या जमीनदार घराण्यावरून. त्या कुळनामाच्या मागे लंडनची वस्ती असेलही, परंतु त्यामुळे चाक लंडनचे ठरत नाही. मात्र त्या वस्तीच्या नावाची व्युत्पत्ती इतकी सुंदर आहे की ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही. सुमारे 1000 सालच्या नोंदीत ते नाव ‘स्टिब्बनहिथ’ अशा धाटणीचे आढळते, आणि त्याचा अर्थ ‘स्टिब्बा नावाच्या माणसाचा धक्का’, म्हणजे नावा लागण्याची जागा. तेव्हा ‘स्टेपनी’तील ‘नी’ मुळात नदीवरचा घाट आहे! पायरी शोधणाऱ्यांना घाट मिळाला, याचे समाधान त्यांनी मानावे.

आता माझे स्वतःचे एक मत, जे मान्य न करणारे पुष्कळ आहेत. ब्रिटनमध्ये चाकच बोल्ट काढून उतरवता येऊ लागले, तशी ही वस्तू गेली आणि तिच्याबरोबर शब्दही बोलण्यातून गेला. माल्टामध्ये, बांगलादेशात आणि आपल्याकडे तो टिकला, आणि ब्राझीलमध्ये ‘एस्तेपे’ या रूपाने आजही रोजच्या वापरात आहे. निर्यातीमुळे टिकला, हे नेहमीचे उत्तर झाले. मराठीपुरते मला आणखी एक कारण दिसते. चाळणी, गाळणी, लेखणी, कातणी अशी साधनवाचक स्त्रीलिंगी नामे आपल्याकडे मुबलक आहेत, आणि ‘स्टेपनी’ त्यांच्या पंगतीत पाहुण्यासारखी न बसता घरच्यासारखी बसली. स्टेपनी काढली, स्टेपन्या तपासल्या, स्टेपनीत हवा भरली. रूपे कोठे अडत नाहीत. ‘स्पेअर व्हील’ मात्र प्रत्येक विभक्तीला अडखळते. यावर आक्षेप असा की ईकारान्त नाम सहसा स्त्रीलिंगी होतेच, त्यासाठी चाळणी-गाळणीची गरज नाही, शिवाय तेथे ‘णी’ आहे आणि येथे ‘नी’. त्या नियमाने लिंग सिद्ध होते, टिकाव सिद्ध होत नाही. आणि ‘न’-‘ण’चा भेद मलाही दिसतो, पण बोलणाऱ्याचा कान कोशकाराची परवानगी घेऊन चालत नाही.

‘स्टेफनी’ म्हणणाऱ्यांना एकच विनंती आहे की ते एका बाईचे नाव आहे. आणि ‘सुटे चाक’ असा प्रतिशब्द सुचवणाऱ्यांनी तो एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा. ‘सुटे भाग’ ठीक आहे, पण धावत्या गाडीचे चाक सुटे असल्याचे ऐकून कोणाही चालकाच्या छातीत धडकी भरेल. बोलीत स्टेपनी आणि लेखी मराठीत ‘जादा चाक’ ही वाटणी पुरेशी आहे. मात्र ते जादा चाक बारीक असेल, तर त्यावर छापलेला हवेचा आकडा जरूर वाचावा, कारण अशा चाकात बहुधा 60 पीएसआय, म्हणजे नेहमीच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट, दाब लागतो, आणि चार चाकांची हवा तपासताना या पाचव्याकडे कोणीही ढुंकून पाहत नाही.

तिसरा प्रश्न राहिलाच. डिकी हे मुळात घोडागाडीच्या आणि नंतर मोटारीच्या मागील उघड्या आसनाचे नाव आहे. आसन गेले, सामान आले, नाव राहिले. डॅशबोर्ड ही घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल अडवणारी पुढची फळी होती. बॉनेट म्हणजे टोपी, यापलीकडे त्यात काही नाही. तिन्ही शब्द मराठीत मुरलेले आहेत आणि त्यांना प्रतिशब्दांची गरज नाही.