डिस्कवालाच घ्या! कन्सोलबद्दल वाचकांचे प्रश्न

बोनसचे दिवस जवळ आले की टीव्हीला जोडून गेम खेळायच्या कन्सोलबद्दलची पत्रं वाढतात, यंदाही वाढली आहेत. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे, राहायला सिडकोत. शिफ्ट सुटली की टीव्हीसमोर बसून खेळतो. कुठल्याही कंपनीकडून मला काही मिळत नाही. इथे लिहितो ते वापरून झालेलं मत असतं.

प्रश्न : सोनीचा प्लेस्टेशन ५, म्हणजे पीएस ५, घ्यायचं ठरलंय. गेम फक्त इंटरनेटवरून उतरवायचं डिजिटल मॉडेल डिस्कच्या मॉडेलपेक्षा दहा हजारांनी स्वस्त दिसतंय. घरी फायबरचं कनेक्शन आहे. मग डिस्क कशाला हवी? — एक नोकरदार वाचक, सिन्नर

डिस्कवालाच घ्या. दहा हजार वाचतात ते एकदाच, पुढे प्रत्येक गेममागे ते तुमच्या खिशातून हळूहळू निघून जातात. सोनीचा नवा मोठा गेम आपल्याकडे ४,९९९ रुपयांना येतो. डिस्क असली की गेम संपवून लगेच विकला तर बऱ्यापैकी पैसे सुटतात. नाहीतर अदलाबदल. आमच्या गल्लीत चार घरांत पीएस ५ आहे आणि एक नवा गेम चौघांत मिळून एकच घेतला जातो. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारोक’ एकाने आणला, ‘स्पायडर-मॅन २’ दुसऱ्याने, आणि दोन्ही डिस्का चारही घरं फिरून आल्या. पगारदार माणसाला हा छंद परवडतो तो असा. डिजिटल गेम तुमच्या खात्याला चिकटलेला असतो. तो विकता येत नाही, पिशवीत घालून मित्राकडे नेता येत नाही. शिवाय दुकान एकच, कंपनीचं स्वतःचं. तिथे सेल चांगले लागतात हे खरं, पण ते कधी लावायचे हे तेच ठरवणार. डिस्क असेल तर तुम्ही चार दुकानं फिरून भाव करू शकता.

दुसरं कारण मला पैशांपेक्षा मोठं वाटतं. डिजिटल खरेदीत आपण गेम विकत घेत नाही, खेळायची परवानगी घेतो. निन्टेन्डोने ३डीएस आणि वी यू या दोन्ही कन्सोलांची ऑनलाइन दुकानं मार्च २०२३ मध्ये बंद केली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० चं दुकान जुलै २०२४ मध्ये बंद झालं. आधी घेतलेले गेम पुन्हा डाउनलोड करता येतात, पण नवीन काही घेता येत नाही. जे गेम फक्त तिथेच विकायला होते, ते आता सरळ मार्गाने मिळणं संपलं. कॅलिफोर्नियात तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच लागू झालाय की ऑनलाइन दुकानाने ‘खरेदी करा’ असं लिहिताना ही फक्त परवानगी आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. असा नियम आपल्याकडेही यावा असं मला मनापासून वाटतं.

आता डिस्कचीही एक बाजू सांगतो. प्रत्येक डिस्कमध्ये गेम असतोच असं नाही. २०२२ च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : मॉडर्न वॉरफेअर २’ च्या पीएस ५ डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळा गेम डाउनलोड करायचा. आणि ‘द क्रू’ हा गाड्यांच्या शर्यतीचा गेम एकट्याने खेळतानाही इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला जोडलेला लागायचा. तो काढणाऱ्या युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि लोकांच्या कपाटातल्या डिस्का निकामी झाल्या. त्यावरूनच रॉस स्कॉट या माणसाने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. त्यांची मागणी साधी आहे : सर्व्हर बंद करा, पण विकलेला गेम कुठल्या ना कुठल्या रूपात चालू राहील अशी सोय करून मग बंद करा. युरोपात त्या मागणीवर २०२५ मध्ये दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मी पूर्णपणे त्यांच्या बाजूचा आहे. कारखान्यात आम्ही वीस वर्षांपूर्वीचं मशीन चालवतो, बनवणाऱ्या कंपनीने दुकान गुंडाळलं तरी ते बंद पडत नाही. पाच हजारांच्या गेमला तो न्याय का नसावा?

पैसे अगदीच कमी पडत असतील तर एक वाट आहे. पीएस ५ च्या नंतर आलेल्या ‘स्लिम’ या बारीक आवृत्तीच्या डिजिटल मॉडेलला डिस्क ड्राइव्ह नंतर लावता येतो. पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

प्रश्न : मुलाच्या पीएस ५ च्या कंट्रोलरला हात न लावता गेममधला माणूस आपोआप डावीकडे चालतो. दुकानदार म्हणतो, दुरुस्ती होत नाही, नवाच घ्या. नवा सहा हजारांच्या घरात जातो. मुलाने आदळआपट केली असेल का? — एक आई, इंदिरानगर

ताई, मुलाला बोलू नका. याला ड्रिफ्ट म्हणतात, आणि नीट वापरलेल्या कंट्रोलरलाही तो होतो.

अंगठ्याखालच्या प्रत्येक काडीच्या दोन बाजूंना एकेक पोटेन्शिओमीटर असतो. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. आत कार्बनची बारीक पट्टी असते आणि तिच्यावरून धातूची इवलीशी जीभ घासत फिरते. जीभ पट्टीवर कुठे टेकली आहे त्यावरून कन्सोलला कळतं की काडी किती ढकलली. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणात हेच असायचं, म्हणून ते जुनं झालं की खरखर करायचं. हजारो वेळा घासून कार्बन झिजतो, त्याची भुकटी तिथेच साचते, आणि काडी मधोमध असतानाही आकडा मधला येत नाही. म्हणून तुमचा माणूस डावीकडे चालतो.

आधी फुकटचे उपाय करा. कन्सोलच्या आणि कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरचा अपडेट टाका. गेमच्या सेटिंगमध्ये ‘डेडझोन’ (काडीच्या मधल्या ज्या बारीक हालचालीकडे गेम दुर्लक्ष करतो तो भाग) असेल तर थोडा वाढवा. सुरुवातीचा ड्रिफ्ट एवढ्यानेही झाकला जातो. वॉरंटी शिल्लक असेल तर कंट्रोलर उघडू न देता सर्व्हिस सेंटरला द्या.

वॉरंटी संपली असेल तर मात्र दुरुस्ती होते, दुकानदार काहीही म्हणो. हे काम मी स्वतः करतो. पुढची काळी पट्टी काढायची, एल१ आणि आर१ ची बटणं अलगद उचलायची, त्यांच्याखाली दोन स्क्रू आणि खाली हेडफोनच्या भोकाजवळ दोन, असे चार स्क्रू. मागचं कवच सुटलं की बॅटरी, तिच्याखाली बोर्ड. काडीचा अख्खा मॉड्यूल बोर्डाला चौदा ठिकाणी डाग देऊन बसवलेला असतो. ते चौदा डाग स्वच्छ काढणं हेच खरं कौशल्य. घाईत ओढलं तर बोर्डावरचा तांब्याचा मार्ग उखडतो आणि कंट्रोलर कायमचा जातो. महात्मा गांधी रोडवर मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत. चार्जिंगचं सॉकेट आणि आयसी बदलणाऱ्याचा हात या कामाला चालतो. फक्त विचारा की डाग काढायला गरम हवेची मशीन आणि सोल्डर ओढणारा पंप आहे का, आणि बदलून झाल्यावर संगणकाला जोडून कॅलिब्रेशन, म्हणजे काडीचा मधला आकडा जुळवून, देणार का. दोन्हीला हो म्हणाला तरच द्या.

टाकताना हॉल इफेक्टचा किंवा टीएमआरचा मॉड्यूल मागा. त्यात चुंबक आणि सेन्सर असतो, काही घासतच नाही, म्हणून ही झीज होत नाही. हे तंत्र नवीनही नाही. सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये १९९८ सालीच ते होतं. मग आज एवढ्या महाग कंट्रोलरमध्ये झिजणारी पट्टी का घालतात, आणि ती सॉकेटमध्ये न बसवता डाग देऊन का बसवतात? मला यात गिऱ्हाइकाबद्दलची बेफिकिरी दिसते, आणि याचा मला राग येतो. सोनीचा ‘ड्युअलसेन्स एज’ आहे, त्यात अख्खा काडीचा मॉड्यूल हाताने काढून नवा बसवता येतो. म्हणजे जमतं. पण ती सोय कितीतरी जास्त किमतीच्या कंट्रोलरलाच दिली आहे.

प्रश्न : आमच्याकडे वीज सारखी जाते-येते. कन्सोलला धोका आहे का? — द्राक्ष बागायतदार, निफाड तालुका

जाण्यापेक्षा येण्याचा धोका जास्त. शिवारातले पंप एकदम बंद झाले की व्होल्टेज उसळतं, आणि लाइट परत येतानाचा पहिला झटकाही वाईट. कन्सोलला स्टॅबिलायझर किंवा चांगला यूपीएस हवाच. पीएस ५ मोठा गेम चालवताना साधारण २०० वॉट खातो, वर टीव्ही. ६०० व्हीएचा यूपीएस काठावर चालतो, १००० च्या वरचा घ्या. घरी इन्व्हर्टर असेल तर मागचा खटका ‘यूपीएस’ वर ठेवा. नाहीतर लाइट गेल्यावर तो क्षणभर उशिरा उचलतो आणि तेवढ्यात कन्सोल बंद पडतो. नेमका तेव्हा गेम सेव्ह होत असेल तर सेव्ह खराब होऊ शकतो. भिंतीतलं अर्थिंग एकदा वायरमनकडून तपासून घ्या. मातीच्या धुळीसाठी, बाजूची पांढरी पट्टी काढली की धूळ साचायच्या जागा दिसतात, तिथून व्हॅक्युमने ओढा. त्याच्या आत कुणाला हात घालू देऊ नका, प्रोसेसरवर द्रवरूप धातू लावलेला असतो.

प्रश्न : मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला गेम बनवायचे आहेत. बाबा म्हणतात, तिथे रोज माणसं काढतात. खरं आहे का? — विद्यार्थिनी, गंगापूर रोड

बाबांचं खरं आहे, आणि ते तुला कुणीतरी सरळ सांगायलाच हवं. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ काढणारी अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझार्ड विकत घेतली, जाहीर केलेली किंमत ६८.७ अब्ज डॉलर. पुढच्या जानेवारीत गेमिंग विभागातल्या १,९०० लोकांना घरी बसवलं. फेब्रुवारीत सोनीने सुमारे ९०० लोक कमी केले आणि लंडनचा स्टुडिओ बंद करायचं ठरवलं. मे महिन्यात मायक्रोसॉफ्टने टॅंगो गेमवर्क्स बंद करायचा निर्णय घेतला. ‘हाय-फाय रश’ बनवणारा हा स्टुडिओ. लोकांनी डोक्यावर घेतलेला गेम बनवूनही माणसांची नोकरी टिकली नाही. पुढे क्राफ्टॉन या कोरियन कंपनीने तो स्टुडिओ घेतला म्हणून वाचला.

हे का होतं ते समजून घे. मोठ्या गेमचा खर्च हाताबाहेर गेलाय. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका खटल्याच्या कागदपत्रांतून बाहेर आलं की ‘द लास्ट ऑफ अस पार्ट २’ ला सुमारे २२ कोटी डॉलर लागले, ‘होरायझन फॉरबिडन वेस्ट’ ला २१ कोटींच्या वर. एवढे पैसे अडकले की नवं काही करून बघायची हिंमत राहत नाही. मग सगळ्यांना वर्षानुवर्षं चालणारा, सतत पैसे काढणारा ऑनलाइन गेम हवा असतो. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ तसाच होता. २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद, सगळ्यांचे पैसे परत. त्याच्यावर वर्षं घालवलेल्या कलाकारांचं काम आज सरळ मार्गाने कुणाला खेळायला मिळत नाही. याचं मला खरोखर वाईट वाटतं.

पण दुसरीकडेही बघ. ‘क्लेअर ऑब्स्क्युअर : एक्सपिडिशन ३३’ हा २०२५ मध्ये ‘गेम अवॉर्ड्स’ ला वर्षाचा सर्वोत्तम ठरलेला गेम फ्रान्समधल्या मॉंपेलिए शहरातल्या जेमतेम तीसेक जणांच्या मुख्य चमूने बनवला. काही कामं बाहेरून करून घेतली, पण गाडा ओढला तो या लोकांनी. आणि इतकं लांब कशाला, पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. आपल्या पुराणकथांवरचा, छोट्या चमूने केलेला, आणि निन्टेन्डोचं स्विच, प्लेस्टेशन, एक्सबॉक्स तिन्हीकडे निघालेला. मी तो खेळलो तेव्हा त्यातल्या हवेल्या, कमानी, भिंतींवरची चित्रं बघत उगाच रेंगाळलो. आपल्या मातीतलं काही कंट्रोलर धरून बघायला मिळणं किती दुर्मीळ आहे! मारामारी थोडी कच्ची आहे, शेवट घाईत उरकलाय, तरी मी तो दोनदा संपवला.

म्हणून डिग्री पूर्ण कर, सी++ पक्कं कर, ‘गोडो’ हे गेम बनवायचं फुकटचं इंजिन आजच उतरवून घे आणि सुट्टीत एकच छोटा गेम पूर्ण कर. अर्धे राहिलेले पाच नकोत. बाबांना सांग की हेच प्रोग्रॅमिंग बाहेरच्या नोकरीतही चालतं. पण गेम बनवायचा हट्ट सोडू नकोस. नाशिकच्या मुलीने केलेला गेम मला खेळायचाय.

प्रश्न : कन्सोल स्वस्त होईपर्यंत थांबू का? की पीएस ५ चं वरचं मॉडेल ‘प्रो’ भारतात यायची वाट बघू? — एक वाचक, नाशिकरोड

थांबू नका. पूर्वी थांबण्यात शहाणपण होतं. पीएस २ अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि ९९ पर्यंत उतरला. पीएस ५ आपल्याकडे फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० ला आला आणि पुढच्याच वर्षी ५४,९९० झाला. अमेरिकेतही ऑगस्ट २०२५ मध्ये ५० डॉलरने वाढवला. चिप बारीक होत गेली की स्वस्त व्हायची, ते दिवस गेले. प्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये निघाला तेव्हा त्यातल्या वाय-फाय ७ च्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याला आपल्याकडे परवानगी नसल्याचं कारण देऊन भारतात आणला नाही. बाहेरून आणलेला घेऊ नका, वॉरंटीला कुणी दारात उभं करत नाही. आणि प्रोला डिस्क ड्राइव्ह वेगळा घ्यावा लागतो, हे मला मुळातच पटत नाही.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलीसाठी पहिला गेम कोणता? — एक बाबा, पंचवटी

‘अ‍ॅस्ट्रो बॉट’, डिस्कवर. मारामारी कार्टूनसारखी, रक्त नाही, आणि कंट्रोलरच्या थरथरीतून पायाखाली वाळू आहे की काच ते बोटांना कळतं. २०२४ च्या ‘गेम अवॉर्ड्स’ ला सर्वोत्तम गेम हाच ठरला होता. देण्याआधी तिचं वेगळं मुलांचं खातं काढा, त्यावरची महिन्याची खर्चाची मर्यादा शून्य ठेवा आणि तुमच्या खात्याला पासकोड लावा. आणि पहिल्या आठवड्यात तिच्या शेजारी बसा. एक टप्पा तिने, एक तुम्ही.