खेळ सुटला, आता पुढे काय?

"सगळी वर्षं टेनिसला दिली. आता सोडलं तर मी शून्य." खेळाडू मुलांकडून, आणि त्याहून जास्त त्यांच्या आईवडिलांकडून, हे मी समुपदेशन करताना नेहमी ऐकते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून एक अनुभव सांगते.

तो तेवीस वर्षांचा. मनगटाची दुखापत बरी झाली, पण पूर्वीचा फटका परत आला नाही. वडील सोबत होते. "इतका पैसा ओतला, कॉलेजही धड केलं नाही," ते म्हणाले. मुलगा मान खाली घालून डाव्या हाताने उजवं मनगट चोळत होता.

पहिल्या काही भेटींत मी त्याला पुढचं काहीच विचारलं नाही. खेळ सुटणं हे दुःख आहे आणि ते दुःख म्हणून मानलं गेलं पाहिजे. "बरं झालं, आता नोकरी बघ" असं घाईने म्हणणारे नातेवाईक त्या मुलाला आणखी एकटं पाडतात.

मग एकदा रने लाकोस्तचा विषय निघाला. मगरीचं चिन्ह असलेला लाकोस्त शर्ट त्याला माहीत होता, माणूस नव्हता. या फ्रेंच टेनिसपटूने एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदं मिळवली. 1927 मध्ये फिलाडेल्फियात अमेरिकेच्या बिल टिल्डन या दिग्गज खेळाडूला हरवून फ्रान्सला पहिला डेव्हिस कप मिळवून देण्यात त्याचा मोठा वाटा होता. 1929 मध्ये फ्रेंच स्पर्धा तिसऱ्यांदा जिंकली, पण तब्येत साथ देईना. पंचविशीतच तो मोठ्या स्पर्धांपासून दूर झाला. 1933 मध्ये होजिअरी उत्पादक आंद्रे जिलिए यांच्यासोबत त्याने शर्टांची कंपनी काढली. पुढे साठच्या दशकात पोलादी रॅकेट आणली. त्याच रचनेची विल्सन कंपनीची टी 2000 रॅकेट हातात घेऊन अमेरिकन टेनिसपटू जिमी कॉनर्स वर्षानुवर्षं खेळला.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. लाकोस्त प्रतिस्पर्ध्यांच्या खेळाच्या नोंदी वहीत लिहून ठेवायचा. सरावासाठी त्याने चेंडू फेकणारं यंत्र बनवलं. लांब बाह्यांचा कडक शर्ट खेळताना अडचणीचा म्हणून आखूड बाह्यांचा, हवा खेळती राहील असा सुती शर्ट वापरला. म्हणजे पुढचा उद्योजक कोर्टावरच घडत होता.

"पण त्याचे वडील श्रीमंत असतील," मुलगा म्हणाला. खरं होतं. ते हिस्पानो-सुइझा या मोटारी आणि इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत बड्या पदावर होते. मी ते लपवलं नाही. लाकोस्तसारखं यश मिळव असं मला सांगायचंच नव्हतं. मी एवढंच विचारलं, "कोर्टावर असताना, खेळ सोडून, तुझं लक्ष कशात रमायचं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाला, "क्लबच्या पोरांच्या रॅकेटला तारा मी बांधतो. पण ते काय, टाइमपास!" आणि पुढचा अर्धा तास तो तारांवरच बोलत होता: ताण किती पौंड ठेवायचा, जास्त ताणलं की चेंडूवर ताबा येतो पण हाताला हादरा बसतो, कोपर दुखणाऱ्या मुलाला कोणती तार द्यायची. मनगट चोळायचं तो विसरला होता.

सध्या अर्धवट सोडलेला मेकॅनिकलचा डिप्लोमा त्याने पुन्हा सुरू केलाय आणि संध्याकाळी तारा बांधायचे पैसे घेतो. स्पर्धेचे निकाल पाहिले की अजून त्याला झोप लागत नाही, त्यावर आमचं काम चालू आहे. वडिलांनीही स्वतःसाठी माझ्याकडे भेटीची वेळ मागून घेतली आहे. मुलासोबत रोज पहाटे कोर्टावर जाणारे तेच होते आणि आता पाचला जाग आली की काय करावं, ते त्यांना सुचत नाही.