सुरीला नवी मूठ बसवताना

आधी पातं पूर्ण करा, मूठ नंतर. धारेवर मास्किंग टेपचे दोन-तीन थर गुंडाळा. पॉलिश पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर ताणून १२०, २२०, ४०० आणि ६०० नंबरने घासा. प्रत्येक नंबरला दिशा बदला, म्हणजे आधीचे ओरखडे आडवे दिसतात. ते सगळे गेल्याशिवाय पुढचा नंबर घेऊ नका. ६०० वर घाई केली की १२० चा एखादा ओरखडा हमखास उजेडात चमकतो.

मूठ म्हणजे पात्यामागच्या पोलादाच्या दोन्ही बाजूंना चिकटवायच्या दोन लाकडी फळ्या. त्यासाठी पूर्ण वाळलेलं शिसम उत्तम. ओलसर लाकूड पुढे आकसतं आणि पोलादाची कड बोटाला लागू लागते. दोन्ही फळ्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच घासून, तेल लावून तयार ठेवा. नंतर तिथे हात घातला तर पात्यावर ओरखडे उठणारच.

चिकटणारे पृष्ठभाग ८० नंबरने खरखरीत करून अ‍ॅसिटोनने पुसा, मग बोट लावू नका. पाच मिनिटांत सुकणारं इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) टाळा, चोवीस तासांचं घ्या. क्लँप बेताचाच आवळा. जास्त आवळला की इपॉक्सी सगळं बाहेर येतं आणि सांधा कोरडा राहतो. पात्यावर ओघळलेलं लगेच पुसा. फळ्या आणि पोलाद एकत्र धरणारी ५ मिमीची पितळी सळई त्यांच्या आरपार भोकात हाताने सरकली पाहिजे. ठोकून बसवली तर शिसम चिरतं.

आकार देताना पितळ तापतं आणि त्याभोवतीचं इपॉक्सी सैल होतं, म्हणून मधूनमधून थांबा. शिसमाची धूळ घशाला त्रास देते, मास्क हवाच. शेवटी जवसाचं तेल, आणि धार सगळ्यात शेवटी.