विद्यापीठ निवडताना फ्रीझरची चौकशी करा

प्रश्न : एम.एस्सी. संपत आली आहे. इकॉलॉजी आणि उत्क्रांती या विषयांत पीएचडी करायची आहे. दोन ठिकाणी प्रवेश मिळेल असं दिसतं. एका विभागात नवा डीएनए सिक्वेन्सर (डीएनएचा क्रम वाचणारं यंत्र), ग्रोथ चेंबर्स, सगळं चकाचक. दुसरीकडे जुनं हर्बेरियम (कागदांवर जपलेल्या वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह), प्राण्यांच्या नमुन्यांची कपाटं आणि जंगलातलं फील्ड स्टेशन. इमारत मात्र जुनाट. मार्गदर्शक दोन्हीकडे चांगले वाटतात. मग सोयींमध्ये नेमकं काय बघावं?

उत्तर : मी एका विद्यापीठातला नमुन्यांचा संग्रह सांभाळते, त्यामुळे माझा कल कुठे असणार हे तुमच्या लक्षात आलंच असेल. तरी कारणं ऐका.

सिक्वेन्सर विकत घेता येतो. नाही घेतला तर नमुने बाहेर पाठवून काम करून घेता येतं, आणि आज बरेच जण तसंच करतात. शंभर वर्षांपूर्वी पकडलेला उंदीर मात्र कुठल्याही अनुदानातून घेता येत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कली इथलं पृष्ठवंशीय प्राण्यांचं संग्रहालय १९०८ साली सुरू झालं. त्याचे पहिले संचालक जोसेफ ग्रिनेल नोंदींच्या बाबतीत अतिशय कडक होते. ठिकाण, उंची, तारीख, कुठले सापळे किती लावले, हे सगळं वहीत आलंच पाहिजे. त्यांच्या चमूने १९१४ ते १९२० या काळात कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी या डोंगराळ राष्ट्रीय उद्यानाचा परिसर पिंजून काढला. पुढे त्याच वाटांवर पुन्हा सर्वेक्षण झालं आणि २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासलेल्या २८ लहान सस्तन प्राण्यांपैकी निम्म्यांची हद्द सरासरी सुमारे ५०० मीटर वर सरकली होती. सापळ्यांचा हिशेब वहीत होता, म्हणूनच ‘तेव्हा तो प्राणी तिथे नव्हता’ आणि ‘होता, पण सापडला नाही’ यांत फरक करता आला. ही वही माझ्या दृष्टीने कुठल्याही सूक्ष्मदर्शकाइतकंच महत्त्वाचं उपकरण आहे.

आता फ्रीझर. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लेन्स्की यांनी फेब्रुवारी १९८८ मध्ये ई. कोलाय जिवाणूंच्या १२ वसाहती वाढवायला घेतल्या. प्रयोग नंतर मिशिगन स्टेट विद्यापीठात अनेक वर्षं चालला, २०२२ मध्ये टेक्सास विद्यापीठात गेला आणि पुढे चालू राहिला. दर ५०० पिढ्यांनी प्रत्येक वसाहतीतला थोडा भाग गोठवून ठेवायचा, हा त्यातला नेम. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका वसाहतीला ऑक्सिजन असताना वाढद्रवातलं सायट्रेट हे रसायन खायला जमू लागलं. ई. कोलायला हे एरवी जमत नाही. मग प्रश्न आला: हा एका दुर्मीळ उत्परिवर्तनाचा चमत्कार, की आधी काहीतरी तयारी झालेली होती? संशोधकांनी त्या वसाहतीचे गोठवलेले पूर्वज बाहेर काढले आणि उत्क्रांती तिथून पुन्हा चालू केली. ती क्षमता पुन्हा उगवली, पण फक्त साधारण २०,००० पिढ्यांनंतरच्या पूर्वजांपासून. म्हणजे पूर्वतयारी झालेली होती. गोठवलेल्या कुप्या नसत्या तर हा प्रयोग करताच आला नसता.

म्हणून विभागात गेलात की उणे ८० अंशांचे फ्रीझर कुठे आहेत ते विचारा. रात्री तापमान चढलं तर गजर कोणाच्या फोनवर वाजतो? वीज गेली तर पर्यायी व्यवस्था काय? उत्तर चटकन आणि एखाद्या माणसाच्या नावासकट आलं, तर तिथे काळजी घेतली जाते असं समजा.

फील्ड स्टेशनचंही तेच. खोल्या आणि इंटरनेट यांच्यापेक्षा तिथे सलग काय मोजलं गेलंय ते बघा. भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या मुदुमलैच्या जंगलात ५० हेक्टरचा कायमचा भूखंड आखला. छातीच्या उंचीवर एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड असलेल्या प्रत्येक खोडाला क्रमांक आहे. हत्तींनी कुठलं झाड मोडलं, वणव्यात कुठलं गेलं, नवं कुठलं आलं, याची नोंद पुन्हा पुन्हा होत आली आहे. अशा ठिकाणी नव्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवशीच कित्येक वर्षांची माहिती हाती मिळते. चार-पाच वर्षांच्या पीएचडीत झाडांचं आयुष्य एकट्याने मोजून होणारं नाही.

ग्रोथ चेंबर्स कमी लेखू नका. तापमान आणि प्रकाश वेगवेगळे बदलून बघायचे असतील तर त्यांना पर्याय नाही. तुमचा प्रश्न तसा असेल तर पहिलं विद्यापीठ निवडा, मी आनंदाने माघार घेईन.

दोन्हीकडे एक चौकशी मात्र जरूर करा: संग्रह सांभाळणारी व्यक्ती कायम पदावर आहे का? हे मला मनापासून बोचतं. इमारतीला देणगी मिळते, यंत्राला अनुदान मिळतं. बाटल्यांतलं अल्कोहोल उडालं का, कागदांत कीड शिरली का, हे बघणाऱ्याचं पद मात्र निवृत्तीनंतर रिकामं राहतं. मग काही वर्षांत लेबलं पुसट होतात, आणि लेबल गेलेला नमुना संशोधनाला जवळजवळ निरुपयोगी असतो.

प्रश्न : मी शाळेत विज्ञान शिकवतो, विद्यापीठाशी संबंध नाही. फुलपाखरांच्या जुन्या नोंदी अभ्यासायच्या आहेत. मला संग्रह बघायला मिळेल का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी मिळतो. आधी घरबसल्या जीबीआयएफ या जैवविविधतेच्या नोंदींच्या संकेतस्थळावर शोधा. जगभरच्या संग्रहांतल्या नोंदी तिथे मोफत मिळतात. फक्त तारखा आणि ठिकाणं डोळसपणे बघा. १ जानेवारीच्या नोंदींचा ढीग दिसला, तर बऱ्याचदा मूळ लेबलावर केवळ वर्ष असतं. अनेक नमुने एकाच बिंदूवर दिसले, तर तो कदाचित जिल्ह्याचा मध्यबिंदू असेल.

मग संग्रहपालांना पत्र लिहा: कुठल्या जाती, कुठला काळ, कशासाठी. डीएनएसाठी पाय किंवा पंखाचा तुकडा लागणार असेल तर वेगळी परवानगी लागते आणि ती सहजासहजी देत नाहीत. केवळ फोटो आणि मोजमापं हवी असतील तर तसं स्पष्ट कळवा, त्याला होकार लवकर येतो.